दृश्यकलाकृती : संदर्भ व प्रयोजन

चित्र, मूर्ती, उत्थितशिल्प, वास्तुशिल्प यांसारखी दृश्यकलाकृती कोणी, कोणासाठी, कोणत्या कार्यासाठी व कोणत्या स्थळी घडविली, याचा विचार म्हणजे तिच्या प्रयोजनाचा विचार होय. ज्या समाजस्थितीत, श्रद्धाव्यवस्थेत, कारागिरीच्या परंपरेत आणि पाहण्याच्या सवयींत ती निर्माण झाली व पाहिली गेली, त्या सर्वांच्या समुच्चयाला तिचा संदर्भ म्हणतात. या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी सैलपणे वापरल्या जातात. परंतु त्यांत भेद आहे. प्रयोजन हे कोणाचे तरी असते : दात्याचे, राजाचे, गावाचे किंवा कारागिराचे. संदर्भ कोणा एकाच्या मालकीचा नसतो व तो स्थिरही राहत नाही. मूळ प्रयोजन विस्मृतीत गेल्यावरही कलाकृती उभीच असते आणि नव्या संदर्भात तिला नवे प्रयोजन लाभते. रूपाचे आकलन आणि मूल्यमापन यांसाठी या दोहोंची कितपत आवश्यकता आहे, हा कलासमीक्षेतील एक मूलभूत वादविषय आहे.

भारतीय परंपरेत हा विचार अपरिचित नव्हता. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात आचार्य रेषेची, जाणकार छायांकनाची, स्त्रिया अलंकरणाची आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची प्रशंसा करतात, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात राहत्या घरात शृंगार, हास्य व शांत या रसांचीच चित्रे असावीत, इतर रसांची चित्रे देवालयात व राजसभेत काढावीत, असा निर्बंध आढळतो. चित्राची योग्यता त्याच्या स्थळावर आणि प्रेक्षकावर अवलंबून असते, हे येथे गृहीतच धरलेले आहे. आधुनिक मराठी समीक्षेत मात्र दीर्घकाळ उलट दिशेचा विचार प्रभावी ठरला. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी सौंदर्य आणि साहित्य (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे केला. त्यांच्या भूमिकेत चित्रातील कथेला वा विषयाला चित्राच्या सौंदर्यात स्वतंत्र स्थान उरत नाही. पाश्चात्त्य रूपवादी समीक्षक क्लाइव्ह बेल (१८८१–१९६४) यांच्या विचाराशी ही भूमिका जुळणारी आहे. पुढे रा. भा. पाटणकर (१९२७–२००४) यांनी सौंदर्यमीमांसा (१९७४) या ग्रंथात कला ही संकल्पनाच द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले : एक ध्रुव कलेला जीवनव्यवहारापासून स्वायत्त मानतो, तर दुसरा तिला त्या व्यवहारातच रुजलेली पाहतो. पाटणकरांची मांडणी अधिक समावेशक आहे. तथापि तीतील चर्चा मुख्यतः साहित्य व तत्त्वज्ञान यांच्या अंगाने चालते. दृश्यकलेत हा प्रश्न अधिक ठोस स्वरूप धारण करतो, कारण येथे वस्तू जागेवरून हलविता येते, फोडता येते, रंगविता येते.

त्याची उकल अजिंठ्यासारख्या विख्यात स्थळापेक्षा गावोगावच्या साध्या दगडांवरून अधिक स्वच्छपणे होते. पुणे शहराच्या उत्तरेस आळंदीच्या रस्त्यावर दिघी हे गाव आहे. पश्चिमेस भोसरी, ईशान्येस चऱ्होली व आळंदी, आणि उत्तरेकडे काही अंतरावर चाकण, असा हा परिसर. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये दिघीसारखी भोवतालची गावे तीत समाविष्ट झाली. कारखाने, लष्करी आस्थापना व नवी वसाहत यांनी हा टापू आज व्यापलेला असला, तरी त्याखालची वस्ती जुनी आहे. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या गावांप्रमाणे या पट्ट्यातही देवळांच्या आवारात, पारावर किंवा वेशीजवळ कोरीव स्मृतिशिला आढळतात. भोसरीतील वीरगळ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. येणारा-जाणारा त्यांकडे ओबडधोबड मूर्ती म्हणून पाहतो व पुढे जातो. कलेच्या इतिहासग्रंथांतही त्यांना क्वचितच जागा मिळते. [⟶ वीरगळ].

वीरगळ म्हणजे लढताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिला. या शब्दाचा उत्तरार्ध कन्नड ‘कल्’ म्हणजे दगड या शब्दापासून आला आहे. महाराष्ट्रातील वीरगळ मोठ्या प्रमाणावर शिलाहार व यादव यांच्या काळातील असून ही प्रथा त्यानंतरही टिकून राहिली. सामान्यतः शिलेचा दर्शनी भाग आडव्या पट्ट्यांनी तीन किंवा चार चौकटींत विभागलेला असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो. काही ठिकाणी त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतात. त्यावरील चौकटीत लढाईचा प्रसंग असतो व वीराची आकृती प्रतिपक्षाहून मोठी दाखविलेली असते. त्यावर दोन्ही बाजूंच्या अप्सरा त्याला वर घेऊन जाताना दिसतात. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो आणि पुजारी पूजा करीत असतो. माथ्यावर कलश व त्याच्या बाजूंना सूर्य-चंद्र. वीराची कीर्ती सूर्य-चंद्र असेपर्यंत टिको, हा त्यांचा अर्थ. दानलेखांच्या माथ्यावरही हीच चिन्हे याच अर्थाने येतात.

केवळ रूपाच्या आधारे या शिलेचे परीक्षण करू लागल्यास आक्षेपांची यादी सहज तयार होते. आकृतींची प्रमाणे बिघडलेली, चेहऱ्यांना व्यक्तित्व नाही, चौकटींची मांडणी यांत्रिक, आणि एक वीरगळ दुसऱ्यासारखाच. यांतील एकही विधान खोटे नाही. परंतु प्रयोजन कळताच त्यांचे वजन बदलते. शिला खालून वर वाचावयाची असते. मृत्यू पायथ्याशी आहे, शिवसान्निध्य माथ्याशी. पाहणाऱ्याची नजर ज्या दिशेने चढते, त्याच दिशेने वीराचा प्रवास होतो. चौकटींमधील जाड आडव्या पट्ट्या केवळ विभागणीसाठी नाहीत, त्या एका लोकातून दुसऱ्या लोकात जाण्याचे उंबरठे आहेत. खालच्या चौकटींत दाटी आणि वरच्या चौकटीत मोकळी जागा अशी योजना ज्या शिलांत साधली आहे, तेथे कारागिराला हा चढ नेमका उमगला होता, असे म्हणावे लागते. मर्ढेकरांच्या परिभाषेतच बोलावयाचे तर येथे विरोध आणि समतोल ही दोन्ही तत्त्वे आहेत. पण हा विरोध कशाकशांतील आहे, हे केवळ रेषा आणि घनता मोजून कळत नाही.

सारखेपणाचेही असेच आहे. आधुनिक प्रेक्षक स्मारकात व्यक्तीचा शोध घेतो : नाव, चेहरा, तारीख. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. शिला उभारणाऱ्या कुटुंबाला व गावाला नाव सांगण्याची गरज नव्हती. ते सर्वांना ठाऊक होते. गरज होती ती आपल्या माणसाला ‘वीर’ या प्रतिष्ठित पंक्तीत बसविण्याची. कदाचित गुरे हाकून नेणाऱ्यांशी एका सकाळी झालेल्या झटापटीत तो मेला असेल. शिलेवर त्याला मोठ्या रणांगणात पडलेल्या योद्ध्याचीच चौकट मिळते. साचा हाच येथे सन्मान आहे. कारागीर नवे काही करीत नाही, ही तक्रार त्यामुळे गैरलागू ठरते. मात्र सर्व वीरगळ सारख्याच गुणवत्तेचे आहेत, असा याचा अर्थ घेऊ नये. काही शिलांत अप्सरांच्या उचललेल्या बाहूंची वक्रता काळ्या पाषाणातही हलकी वाटते. काहींत तीच आकृती एखाद्या खुंटासारखी उभी असते. प्रयोजन सारखे असूनही एक शिला दुसरीहून सरस असते आणि हा फरक ओळखणे हे समीक्षेचे काम आहे. संदर्भवादी लेखन अनेकदा हे काम टाळते व प्रत्येक दगडाला सारखीच दाद देते.

वीरगळाशेजारी बहुधा सतीशिला असते : काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात, पंजा उघडा. बांगड्या हे सौभाग्याचे चिन्ह. सतीचे सौभाग्य मृत्यूनंतरही अखंड राहते, असे ती शिला सांगते. दृश्यदृष्ट्या ही महाराष्ट्रातील अत्यंत नेमक्या प्रतिमांपैकी एक आहे. एका अवयवात संपूर्ण व्यक्ती सामावलेली. परंतु तो हात आशीर्वादाचा म्हणून कोरला गेला, यात त्या समाजाची सोय होती, हेही पाहणाऱ्याने विसरू नये. प्रयोजन समजून घेणे आणि ते मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वीरगळांच्या अभ्यासाला जर्मन विद्वान गुंथर सोंथायमर (१९३४–९२) यांनी नवे वळण दिले. धनगर व अन्य पशुपालक समाजांमध्ये राहून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा मागोवा घेतला आणि धारवाड येथील इतिहासकार एस्. शेट्टर यांच्यासमवेत स्मृतिशिलांवरील महत्त्वाचा ग्रंथ संपादित केला (१९८२). गुरांचे रक्षण करताना पडलेला वीर हा देव कसा बनतो, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांनीही श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाची मुळे गवळी-धनगरांच्या दैवतकल्पनांत शोधली, त्यांच्या सर्व निष्कर्षांविषयी एकमत नाही, पण प्रतिमेचा अर्थ ग्रंथांइतकाच रानावनांतील उपासनेत शोधावा लागतो, ही दिशा त्यांनी पक्की केली. या दिशेने पाहिल्यास वीरगळाला लागलेला शेंदूर हा केवळ नासाडीचा पुरावा राहत नाही. गाव वीराला विसरले, पण दगडाला विसरले नाही. भैरव, म्हसोबा किंवा नुसता ‘वीर’ म्हणून तो पूजिला जाऊ लागला. म्हणजेच त्याला दुसरे प्रयोजन लाभले. शेंदराच्या थरांखाली कोरीवकाम बुजते, हे नुकसान खरेच आहे. त्याच शेंदरामुळे तो दगड पायरीला किंवा बांधाला लावला गेला नाही, हेही तितकेच खरे.

लेख नसलेल्या शिलेचा संदर्भ ठरविताना किती सावधगिरी हवी, याचा धडा मुंबईतील बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवरून मिळतो. या सहा शिलांपैकी काहींवर भू-युद्ध, तर काहींवर वल्ह्यांच्या जहाजांचे नाविक युद्ध कोरलेले आहे. गलबतांच्या रांगा, वल्ही मारणारे खलाशी, पाण्यात पडणारे योद्धे असे दृश्य भारतीय शिल्पात दुर्मिळ. हे युद्ध कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून तर्क झाले. प्रारंभी त्याचा संबंध भोज राजाशी जोडला गेला. पुढे उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील सु. १२६५ च्या युद्धाशी तो जोडण्यात आला व हे मत अधिक रूढ झाले. शिला मात्र स्वतः काही सांगत नाहीत. त्यांवरून जहाजांची बांधणी, शस्त्रे, हत्तींचा उपयोग आणि विजय-मरणाची कल्पना यांविषयी खात्रीने बोलता येते. राजांची नावे बाहेरून आणावी लागतात. एर्विन पॅनॉफस्की (१८९२–१९६८) यांनी प्रतिमेच्या आकलनाच्या तीन पातळ्या सांगितल्या : दिसणारी वस्तू ओळखणे, तिचा रूढ अर्थ जाणणे आणि तीमागील जीवनदृष्टीचा शोध घेणे. एकसरच्या बाबतीत अनेक लेखकांनी पहिली पातळी पुरती ओलांडण्यापूर्वीच इतिहासाचे नाव लावण्याची घाई केली, असे दिसते.

संदर्भाविना प्रतिमेचा विपर्यास किती होतो, हे गधेगाळीवरून दिसते. शिलाहार व यादव काळातील या शिलांवर वरच्या भागी सूर्य-चंद्र व कलश, मध्ये दानलेख आणि खाली गाढव व स्त्री यांच्या समागमाचे दृश्य असते. लेखाचा भाग झिजला, की उरते ते एक अश्लील चित्र. म्हणूनच काही गावांत अशा शिला उलथून टाकल्या गेल्या, तर काही ठिकाणी त्यांना अपशकुनी मानले गेले. वस्तुतः हे चित्र म्हणजे शापवचन आहे. राजाने दिलेली जमीन वा सवलत जो हिरावून घेईल, त्याच्या मातेची अशी विटंबना होवो, असा तो शाप. लेख वाचू न शकणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी कायद्याचे कलम दगडात दृश्यरूप केलेले आहे. त्यात सौंदर्य शोधू नये. ते भय उत्पन्न करण्यासाठी घडविलेले असून त्या दृष्टीने परिणामकारक आहे. अपराध पुरुषाचा व विटंबना त्याच्या मातेची, ही त्यामागील समाजाची धारणाही त्या दगडात तेवढ्याच स्पष्टपणे कोरली गेली आहे.

वीरगळावर दुसरे प्रयोजन शेंदराच्या रूपाने चढते. पुणे जिल्ह्यातीलच कार्ले येथे पहिल्या कोरीवकामावर दुसरे कोरीवकाम चढलेले दिसते. येथील चैत्यगृह मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील असून ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केल्याचे व ते जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे लेखात नमूद आहे. स्तंभांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आढळतात. त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर भरदार अंगाची स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. काही शतकांनी महायान पंथीयांनी त्याच भिंतीवर बुद्धप्रतिमा कोरल्या व त्यासाठी जुनी रचना जागोजागी मोडली. रूपवादी डोळ्याला ही ढवळाढवळ वाटते आणि तिच्यामुळे भिंतीचा मूळ ताल बिघडला, हे नाकारता येत नाही. परंतु पहिल्या काळात बुद्धाची मानवी प्रतिमा घडविण्याची प्रथा येथे नव्हती. नंतरच्या उपासकाला तिच्यावाचून ते स्थान अपूर्ण वाटत असले पाहिजे. आज चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि कोळी, आगरी व इतर समाजांचे भाविक तेथे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या दृष्टीने चैत्यगृह हे देवीच्या मंदिरामागील लेणे होय. एकाच कड्यावर तीन प्रयोजने एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि पर्यटनपुस्तिका त्यांतील एकाचीच गोष्ट सांगते.

अजिंठ्यातही याचाच एक अधिक तीव्र प्रकार आढळतो. तेथील सव्विसाव्या लेण्यातील लेखात भिक्षू बुद्धभद्र याने अश्मक राजाचा अमात्य भव्विराज या मित्राच्या सन्मानार्थ ते लेणे करविल्याचे म्हटले आहे. म्हणजे येथे प्रयोजन दात्याच्याच शब्दांत उपलब्ध आहे. परंतु अनेक लेण्यांत मूळ योजनेशी संबंध नसलेल्या लहानमोठ्या बुद्धमूर्ती भिंतींवर, दारांच्या बाजूंना, मिळेल तेथे कोरलेल्या वा रंगविलेल्या दिसतात. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांनी त्यांना अनाहूत प्रतिमा मानून राजाश्रय कोसळल्यानंतरच्या काळाशी त्यांचा संबंध जोडला. त्यांची काटेकोर कालगणना सर्वांना मान्य नाही. पण हे निरीक्षण मोलाचे आहे. मोठे दाते निघून गेल्यावर उरलेल्या उपासकांनी स्वतःच्या पुण्यासाठी जमेल तेवढी मूर्ती करून घेतली. रचनेच्या दृष्टीने ती भर निरुपयोगी आहे. ती घडविणाऱ्याला मात्र रचना नको होती, पुण्य हवे होते.

प्रेक्षक बदलला म्हणजे कलाकृतीचे काय होते, याची नजीकच्या काळातील उदाहरणे वारली चित्रे व पिंगुळीची चित्रकथी यांत मिळतात. वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाष्ण स्त्रिया शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक काढीत. लग्न झाले, की त्या चित्राचे कार्य संपे; ते पुसट होत जाई आणि त्याची खंत कोणाला नसे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून त्यांना स्वतंत्र कलावंताची प्रतिष्ठा मिळाली. चौक काढणाऱ्या स्त्रियांच्या जागी पुरुष चित्रकार आले, विधीच्या जागी रोजच्या जीवनाची दृश्ये आली. हा ऱ्हास नव्हे. मशे यांच्या चित्रांतील जाळे, वाटा व माणसांच्या फिरत्या रांगा यांची गती भिंतीवरच्या चौकात नव्हती. पण दोहोंना एकच निकष लावणे चुकीचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ठाकर समाजाच्या चित्रकथीविषयी तर असे म्हणता येईल, की चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले एकटे चित्र म्हणजे वाक्यातून उचललेला एक शब्द होय. ती चित्रे गाणाऱ्या-सांगणाऱ्या कथेकऱ्याच्या हातात एकामागून एक उलटण्यासाठी केलेली आहेत. आकृतींचे बटबटीत डोळे व ठळक कडा दिव्याच्या उजेडात, दूर बसलेल्या श्रोत्यांना दिसाव्यात म्हणून आहेत. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या छापील चित्रांचा प्रवास नेमका उलटा. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला व पुढे कार्ल्याच्या पायथ्यालगतच्या मळवलीस हलविलेला त्यांचा छापखाना तैलचित्रांच्या जगातून देव्हाऱ्यात पोहोचला. चित्र म्हणून विकत घेतलेली लक्ष्मी घरी आल्यावर पूजेची झाली.

या सर्व विवेचनावरून प्रयोजन हेच कलाकृतीच्या अर्थाचे अंतिम प्रमाण होय, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. डब्ल्यू. के. विमसॅट व मन्रो बिअर्ड्‌स्ली या अमेरिकन समीक्षकांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूवरून कृतीचे मूल्य ठरविण्यातील दोष दाखविला. त्यांचा रोख काव्यावर असला, तरी तो आक्षेप येथेही लागू पडतो. भूतपालाने आपले चैत्यगृह सर्वोत्तम म्हटले, म्हणून ते सर्वोत्तम ठरत नाही. तेथील स्तंभांच्या रांगेत उजेड ज्या रीतीने झिरपतो, त्यावरून ते ठरते. इंग्लिश कलेतिहासकार मायकेल बॅक्सन्डॉल (१९३३–२००८) यांनी पंधराव्या शतकातील इटालियन चित्रांचा अभ्यास करताना त्या काळच्या व्यापाऱ्याची माप घेण्याची सवय, नृत्याची जाण, प्रवचनांची ओळख यांतून घडलेल्या ‘काळाच्या डोळ्या’ची कल्पना मांडली. ती अधिक फलदायी वाटते. तिच्यामुळे हेतूच्या मानसशास्त्रात न शिरता, पाहणाऱ्याला काय दिसत असावे, असा प्रश्न विचारता येतो. तेराव्या शतकातील गावकऱ्याला गुरांची चोरी, वेशीचे रक्षण, शिवपूजा व कारागिराचा साचा हे सर्व ठाऊक होते. त्या डोळ्याने वीरगळ पाहणे पूर्णतः शक्य नसले, तरी त्या दिशेने काही पावले टाकता येतात. उलटपक्षी प्रत्येक कमळात ब्रह्मांड व प्रत्येक त्रिकोणात शक्ती शोधणारे जे प्रतीकार्थाचे लेखन मराठीत विपुल झाले आहे, त्याने संदर्भाच्या नावाखाली पाहण्याचेच श्रम वाचविले. कोणत्याही दगडाला लागू पडणारा अर्थ त्या विशिष्ट दगडाचा अर्थ नसतो.

प्रतिमा रूप न दाखविताही संदर्भाच्या बळावर पूर्ण कशी होते, हे दिघीच्याच रस्त्यावर दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात दिसते. ज्ञानेश्वरांच्या पादुका घेऊन आळंदीहून पंढरपूरला निघणारी पालखी याच मार्गाने पुण्यात येते. तिला आजचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. पादुका म्हणजे देहाची नव्हे, देहाच्या गमनाची खूण. संग्रहालयाच्या कपाटात ठेवल्यास त्या धातूकामाचा एक साधा नमुना ठरतील. रथ, दिंड्या, टाळांचा गजर व चालणारी माणसे यांच्यामध्येच त्यांना त्यांचे रूप प्राप्त होते; आणि १२९६ मध्ये समाधी घेतलेली व्यक्ती वाटेने चालत आहे, असे हजारोंना दिसते. ज्या काळात ही समाधी झाली, त्याच काळाच्या मागेपुढे या मुलखातील अनेक वीरगळ उभे राहिले. एका प्रतिमेची वाट अखंड चालू राहिली, तर दुसऱ्या प्रतिमेची वेस नाहीशी झाली.

वेस नाहीशी होणे हा येथे केवळ अलंकार नाही. वीरगळाचे स्थान हा त्याच्या अर्थाचाच भाग असतो. तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, वाटेच्या कोणत्या बाजूस आहे, जवळ सतीशिला, तळे किंवा देऊळ आहे काय, यांवरून झटापट कोठे झाली व स्मरण कोण करीत होते, याचा काही अंदाज बांधता येतो. रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, आणि शिला उचलून नव्या चौथऱ्यावर ओळीने मांडल्या जातात. काहींवर तेलरंग चढतो, काहींचा पायथा सिमेंटमध्ये रुतून सर्वांत खालची चौकट, म्हणजे वीराचा मृत्यूच, झाकला जातो. औद्योगिक पट्ट्यात हे वेगाने घडत आले आहे व त्यामागे अनादर नसून बहुधा श्रद्धाच असते. शिला जागीच ठेवणे अशक्य असेल, तेथे हलविण्यापूर्वी तिचे मूळ स्थान, दिशा, जमिनीत गाडलेल्या भागासह पूर्ण उंची, बाजूच्या शिलांशी असलेले अंतर व सर्व बाजूंची छायाचित्रे नोंदविणे आवश्यक असते. झिजलेला लेख असल्यास त्याचा कागदी ठसाही घेतला जातो. त्याबरोबरच गावातील वृद्ध त्या दगडाला कोणत्या नावाने हाक मारतात, त्याला नैवेद्य कोण व कोणत्या दिवशी दाखवितो, हेही लिहून घ्यावे लागते. ही माहिती दगडावर कोठेही कोरलेली नसते.